हातांची राखण



सकाळी जाग येताच, जमिनीवर पाऊल टेकण्यापूर्वी, आपल्या दोन्ही तळहातांचे दर्शन घ्यावे अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. ऐश्वर्य आणि विद्या यांचा वास हातांत आहे, ही त्या रीतीमागील भावना. आपल्या भाषेनेही हाताचा असाच गौरव केला आहे. कुशल माणसास आपण सिद्धहस्त म्हणतो. विश्वासू सहकाऱ्यास उजवा हात म्हणतो. आणि रोज राबल्यावाचून ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याचे हातावर पोट आहे असे म्हणतो. यांतील शेवटच्या शब्दप्रयोगात अलंकार फारच थोडा आहे. आझमाबादपासून सनतनगर, बाळानगर आणि जीडीमेटलापर्यंत हैदराबादेत जे लहानमोठे कारखाने पसरले आहेत, त्यांतील हजारो कामगारांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. अशा कामगाराचा अंगठा गेला, तर केवळ एक अवयव जात नाही. त्याने दहा वर्षे घालवून मिळविलेले कसब त्याबरोबर जाते आणि घरातील चार माणसांच्या जेवणाची चिंता उभी राहते.

प्रथम या हाताची घडण थोडी लक्षात घेऊ. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत एका हातात २७ हाडे असतात. आश्चर्याची गोष्ट अशी की, बोटांना वाकविणारे स्नायू प्रत्यक्ष बोटांत नसतात. ते तळहातात आणि मुख्यतः कोपर व मनगट यांच्यामधील भागात असतात; आणि कळसूत्री बाहुली दोरीने हलवावी तशी कंडरा नावाच्या चिवट दोऱ्यांच्या साहाय्याने ते बोटांना हलवितात. या दोऱ्या आणि त्यांच्या शेजारून जाणारे मज्जातंतू बोटाच्या कातडीखाली अगदी थोड्या खोलीवर आहेत. म्हणून काचेच्या तुकड्याने झालेली, वरून अर्ध्या इंचाचीही न दिसणारी जखम बोट कायमचे ताठ किंवा बधिर करू शकते. मांडीवर एवढीच जखम झाली असती तर आठ दिवसांत माणूस ती विसरून गेला असता. हाताला क्षुल्लक जखम अशी क्वचितच असते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हाताला इजा का होते? कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते: निष्काळजीपणाने. कारखान्याचा मालक कामगाराला हेच सांगतो, सासू सुनेला हेच सांगते आणि जखमी माणूस स्वतःलाही हाच दोष लावून घेतो. पण हे उत्तर अपुरे आहे. इतकेच नव्हे तर ते आपल्याला उपायापासून दूर नेते. सुरी ओट्यावरून खाली पडू लागली की आपण ती झेलावयास हात पुढे करतो. हे आपण विचार करून करतो काय? यंत्राच्या तोंडात पत्रा वाकडा बसलेला दिसला की तो सरळ करावयास कामगाराचा हात आपोआप पुढे जातो. पडणारे सावरणे, अडकलेले सोडविणे, वाकडे झालेले सरळ करणे हा हाताचा स्वभाव आहे, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने तो अधिकच पक्का झालेला असतो. नवशिक्याचा हात अज्ञानाने सापडतो, तर मुरलेल्या कारागिराचा हात सवयीने सापडतो. दोघांच्याही बाबतीत हात मनाच्या पुढे धावलेला असतो.

याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहून हात मागे घेण्यास, माणूस कितीही सावध असला तरी, सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. मिनिटाला दीड हजार फेरे घेणारे चाक एका सेकंदात २५ फेरे घेते. म्हणजे त्या एक पंचमांश सेकंदात त्याचे ५ फेरे पुरे होतात. सदऱ्याची बाही त्या चाकाला लागली, तर "सापडलो" हा विचार मनात येण्यापूर्वीच बाही चाकाभोवती पाच वेळा गुंडाळली गेलेली असते. अशा स्थितीत "सावध रहा" या उपदेशाचा उपयोग तो कितीसा? सावधगिरी हवीच, पण तिचा उपयोग यंत्र सुरू होण्यापूर्वी, व्यवस्था लावताना करावयाचा असतो. धोक्याच्या जागी हात पोहोचूच नये अशी योजना आधी करून ठेवणे, हेच हातांच्या रक्षणाचे सूत्र होय. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. पुढचे सर्व त्याचे उदाहरण आहे.

हे सूत्र नवे नाही. आपल्या देशातील कारखान्यांविषयीचा पहिला कायदा १८८१ साली झाला. तो अनेक दृष्टींनी तोकडा होता. तथापि धोकादायक यंत्रांना कठडा असावा ही गोष्ट त्यानेही मान्य केली होती. पुढे १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने नारायण मेघाजी लोखंडे यांनी जे निवेदन तयार केले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातील आठवड्याच्या सुटीची मागणी आपल्याला ठाऊक असते. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: काम करताना कामगारास मोठी दुखापत झाली तर तो बरा होईपर्यंत त्याला पुरा पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. ज्या काळी तुटलेले बोट हे कामगाराचे नशीब समजले जात असे, त्या काळी लोखंडे यांनी त्याचा हिशोब गिरणीच्या दारात नेला, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये.

भरपाईचा कायदा मात्र व्हावयास १९२३ साल उजाडावे लागले. त्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कोणता अवयव गेल्याने कमाईची शक्ती शेकडा किती कमी झाली असे मानावे, याचे आकडे दिले होते. संपूर्ण अंगठ्यासाठी शेकडा ३०, तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२, आणि अनामिका किंवा करंगळी यांसाठी ७. नुकसानभरपाई ठरविण्यास असे कोष्टक आवश्यक असते, हे मान्य. पण सोनारकाम करणाऱ्याची तर्जनी, शिंप्याचा अंगठा, तबलजीचे मधले बोट यांची किंमत कोणत्या कोष्टकात बसेल? भरपाई ही इजेनंतरची गोष्ट आहे. खरा न्याय ती इजा होऊ न देण्यात आहे.

यास्तव १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या फिरत्या व धोकादायक भागांना भक्कम आवरण असावे, इतकेच सांगून न थांबता, यंत्र चालू असेतोवर ते आवरण जागच्या जागी असले पाहिजे असेही बजावले. यातील मर्म दुसऱ्या भागात आहे. आवरण यंत्राबरोबर येते. पण पुष्कळदा ते चार दिवसांत काढले जाते आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून राहते. असे का होते? मालकास अधिक माल हवा असतो आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारास अधिक नग हवे असतात. आवरणामुळे दर नगामागे दोन सेकंद जातात, आणि ते दोन सेकंद दोघांनाही जड वाटतात. पत्रा कापणारी काही प्रेस यंत्रे अशी बनविलेली असतात की, दोन्ही हातांनी दोन निराळी बटणे एकाच वेळी दाबल्याखेरीज घाव खाली येत नाही. कल्पना साधी आहे: दोन्ही हात बटणांवर असले की यंत्राच्या तोंडात हात उरत नाही. पण त्यांतील एक बटण चिंधीने बांधून वा पाचर मारून कायमचे दाबून ठेवले, म्हणजे एक हात मोकळा होतो. तो मोकळा झालेला हातच पुढे सापडतो. हा निष्काळजीपणा एकट्या कामगाराचा म्हणता येत नाही. ज्याने नगांचा हिशोब तसा बांधला त्याचाही त्यात वाटा आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. १९४८ चा कायदा विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांस लागू होता. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत ही संख्या वीस करण्यात आली. म्हणजे गल्लीतील ज्या शेडमध्ये पाच-सहा माणसे एक प्रेस आणि दोन लेथ चालवितात, तेथे कारखाना निरीक्षक येईल आणि आवरण पुन्हा बसवावयास लावील, ही आशा करण्यात अर्थ नाही. तेथे मालक आणि कामगार यांनी मिळूनच ही राखण केली पाहिजे. मालक स्वतः यंत्रावर बसत असेल, आणि लहान शेडमध्ये बहुधा बसतोच, तर त्याच्याही हाताचा प्रश्न आहे.

अशा जागी चार नियम पाळले तरी पुष्कळ साधेल. पहिला, यंत्रात काही अडकले तर प्रथम मुख्य खटका बंद करावा, चाक पूर्ण थांबू द्यावे आणि मगच हात घालावा. दुरुस्ती करणाऱ्याने त्या खटक्याला आपले कुलूप लावून किल्ली आपल्या खिशात ठेवावी. कारण पुष्कळ अपघात एकजण आत हात घालून असताना दुसऱ्याने यंत्र सुरू केल्याने होतात. दुसरा, लेथवरील धातूचे धारदार छिलके हाताने ओढू नयेत. त्यासाठी आकडा किंवा ब्रश जवळच टांगलेला असावा. जवळच, हा शब्द महत्त्वाचा आहे. ब्रश दहा पावलांवर असला तर हात त्याची वाट पाहत नाही. तिसरा, अंगठी, मनगटी दोरा, सैल बाही आणि गळ्यातील उपरणे यांना फिरत्या यंत्राजवळ जागा नाही. चौथा नियम ऐकून काहींना नवल वाटेल. हातमोजे काचेच्या, पत्र्याच्या आणि तापलेल्या वस्तूंच्या कामात हाताचे रक्षण करतात. पण ड्रिल किंवा लेथ यांसारख्या फिरत्या यंत्रावर तेच हातमोजे हाताला आत ओढून नेतात. साधनही जागा पाहूनच वापरावे लागते.

यंत्राकडून आपण हस्तव्यवसायाकडे येऊ. चारमिनारजवळच्या लाडबाजारात लाखेच्या बांगड्या घडविणारे कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करतात आणि ती गरम असतानाच तिला आकार देऊन त्यावर खडे बसवितात. येथे बोटांचा स्पर्श हेच हत्यार असल्याने ते झाकून चालत नाही. पण थंड पाण्याचे भांडे हाताशी असणे, शेगडी आणि बैठक यांत पुरेसे अंतर असणे, काम करणाऱ्याच्या पाठीमागून मुलांची ये-जा नसणे, या गोष्टी तर करता येतात. संक्रांतीच्या सुमारास याच शहराचे आकाश पतंगांनी भरून जाते. धूलपेठेतील पतंग पुष्कळांनी लहानपणी उडविले असतील. काचेची भुकटी लावलेल्या नायलॉनच्या मांजाने उडविणाऱ्याची बोटे चिरतात, आणि वाटेने जाणाऱ्याचा गळाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली अशा मांजावर देशभर बंदी घातली. साध्या सुती दोऱ्यानेही पतंग उडतो, आणि बोटाला चिंधी वा चिकटपट्टी गुंडाळून उडविला तर खेळाची गोडी कमी होत नाही.

हैदराबादेतील अनेक मराठी घरांचे गाव नांदेडकडे, परभणीकडे असते. १९५६ पर्यंत तर मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते, आणि येणे-जाणे आजही थांबलेले नाही. सुटीत मुले गावी जातात तेव्हा गोठ्याजवळ कडबा कुट्टीचे यंत्र असते. त्याचे मोठे चाक फिरविणे हा मुलांना खेळ वाटतो. एक मूल चाक फिरविते आणि दुसरे वैरण सारते. येथे उपदेशाने भागत नाही. दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा यंत्रांचा अभ्यास करून अगदी साधे फेरफार सुचविले: काम नसताना चाक अडकवून ठेवणारी कळ, पात्यांवर आवरण, आणि बोटे आत ओढली जाण्यापूर्वी हाताला सूचना मिळावी म्हणून बसविलेला रूळ. गावचा लोहारही चाकाला कुलूप लावण्याची सोय करून देऊ शकेल. मळणी यंत्राच्या बाबतीत आपल्या देशात १९८३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या यंत्राने किती हात घेतले याची कल्पना यावी. पेंढ्या आत सारण्याची पन्हळ पुरेशी लांब आणि वरून झाकलेली असली, तर हात पात्यापर्यंत पोहोचतच नाही. रात्री उशिरा, झोपेने डोळे जड झाले असता मळणी चालू ठेवणे हे मात्र कोणत्याही पन्हळीला झेपणारे नाही.

आता आपल्या घरात येऊ, कारण स्वयंपाकघरालाही हेच सूत्र लागू आहे. विळी हे आपल्या घरातील सर्वांत जुने पाते. ती वापरून झाली की पाते मिटावे, आणि ते मिटणारे नसेल तर विळी भिंतीकडे तोंड करून ठेवावी, हे आपल्या आजीला ठाऊक होते. सुरी बोथट असली की सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. बोथट सुरीला जोर अधिक लावावा लागतो आणि ती निसटली की तोच जोर दुसऱ्या हातावर येतो. फळ वा नारळ तळहातावर धरून कापू नये; पाटावर ठेवून कापावा. मिक्सरच्या भांड्यात बोट किंवा चमचा घालण्यापूर्वी नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही; भिंतीवरील खटकाही बंद करावा. साबणाच्या फेसाने भरलेल्या घमेल्यात सुऱ्या आणि काचेचे पेले बुडवून ठेवू नयेत. जे दिसत नाही त्यावर हात नकळत पडतो. फुटलेल्या काचा जाड कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवाव्यात, कारण आपल्या घरातून सुटलेला काचेचा तुकडा सफाई कामगाराच्या हातात जातो. दाराच्या बिजागरीच्या फटीत लहान मुले बोटे घालतात. तेथे फट झाकणारी पट्टी बसविण्यास फारसा खर्च येत नाही. दिवाळीत न उडालेला फटाका पुन्हा पेटवावयास जाऊ नये; त्यावर पाणी ओतावे.

ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी आणखी जपावे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेले डॉक्टर पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांचा अभ्यास करून दाखवून दिले की, या रुग्णांची बोटे बहुतांशी रोगाने झडत नाहीत. हात बधिर झाल्याने भाजलेले, कापलेले त्यांना कळत नाही आणि त्या जखमांनी बोटे जातात. वेदना ही आपली पहारेकरीण आहे. जुन्या मधुमेहात ही पहारेकरीण झोपी जाऊ शकते. अशांनी गरम भांडे नेहमी फडक्याने किंवा सांडशीनेच उचलावे आणि रोज एकदा हात उजेडात न्याहाळून पाहावेत.

इतके करूनही इजा झाली तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा आणि हात छातीच्या वर उचलून धरावा. बोटाभोवती दोरा वा रबर आवळून बांधू नये. हळद, कॉफीची पूड, चुना जखमेत भरू नये. त्याने डॉक्टरांचे काम अवघड होते. सूज येण्यापूर्वी अंगठ्या आणि बांगड्या काढाव्यात. भाजल्यास हात वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये. जखमेनंतर बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर जखम केवढीही लहान असो, त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. ग्रीस किंवा रंगाच्या दाबयंत्राची धार बोटात शिरली तर वरून केवळ टाचणीएवढे छिद्र दिसते. पण ती अत्यंत निकडीची इजा आहे हे कारखान्यातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

बोट तुटून वेगळे झाले तर ते फेकू नये. स्वच्छ पाण्याने हलके धुऊन ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बंद करावे, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. त्याने ते गोठून निकामी होते. मग वेळ न दवडता जखमी माणसाबरोबर ते न्यावे. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००५ साली याच हैदराबादेतून सुरू झाली. तिचा उपयोग करावा. तुटलेले प्रत्येक बोट जोडता येते असे नाही. पण नीट जपून आणलेले बोट पाहिल्यावर शल्यचिकित्सकाला प्रयत्न तरी करता येतो.

शेवटी एक विनंती. उद्या काम सुरू करण्यापूर्वी, कारखान्यात असा वा घरात, दहा मिनिटे काढा आणि आपला हात दिवसभरात कोठे कोठे जातो ते क्रमाने पाहा. जेथे तो पाते, फिरते चाक, तापलेली वस्तू किंवा दाराची फट यांच्या जवळ जातो, तेथे थांबा आणि विचारा: येथे हात न जाता हे काम होईल काय? जात असेल तर मध्ये काय घालता येईल? मालकांनी हा फेरा कामगाराला बरोबर घेऊन करावा, कारण कोणते बटण बांधून ठेवले आहे आणि का, हे त्यालाच ठाऊक असते. कोपऱ्यात टेकून ठेवलेले आवरण त्या दहा मिनिटांत पुन्हा यंत्रावर चढले, तर कोणा एका घरची चूल त्यामुळे पेटती राहील; आणि ती कोणाची, हे कोणालाच कधी कळणार नाही.